औषधाच्या चिठ्ठीवरील इंग्रजी

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या मुलाला वा मुलीला 'डी. फार्मसी'ला घालावे काय? दोन वर्षांची पदविका, त्यानंतर नोंदणी आणि पुढे नोकरी किंवा स्वतःचे औषधाचे दुकान, असा हा मार्ग सर्वसामान्य कुटुंबांना भरवशाचा वाटतो. कोल्हापूर शहरात, वारणानगरला आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात कराडला औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये असल्यामुळे शिक्षणासाठी फार दूर जावे लागत नाही. परंतु चंदगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांच्या मनात एक धास्ती असते. ती इंग्रजीची. "फादर, पोराचं इंग्रजी कच्चं आहे, त्याला झेपेल का?" असे पालक आम्हांस विचारतात.

या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतो, "आधी इंग्रजी बोलण्याच्या क्लासला घाला, मग बघू." दुसरा म्हणतो, "दुकानात इंग्रजी कोणाला लागते? चार महिने काउंटरवर उभा राहिला की सगळे येते." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. औषधनिर्मात्याला लागणारी इंग्रजी ही फाडफाड बोलण्याची इंग्रजी नव्हे. ती अचूक वाचण्याची इंग्रजी आहे. तिचा विस्तार मर्यादित आहे, म्हणून ती कोणाही मेहनती विद्यार्थ्याला शिकता येते. पण ती शिकलीच पाहिजे, कारण तिच्यातील एका अक्षराच्या किंवा एका टिंबाच्या चुकीची किंमत दुकानदाराला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते. आणि ही इंग्रजी शिकण्याचे खरे प्रयोजन रुग्णाला त्याच्या भाषेत नीट सांगता यावे हे आहे. या तीन गोष्टी वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडाव्यात, असा आमचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच आहे. पूर्वी दवाखान्यात पुड्या बांधून देणारा आणि बाटलीला कागदी पट्टी चिकटवून मात्रा दाखवणारा 'कंपाउंडर' आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आजच्या औषधनिर्मात्याची जबाबदारी त्याच्यापेक्षा व्यापक आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत रुग्णाला समुपदेशन करणे हे त्याचे काम म्हणून नोंदवले आहे. औषध कोणते, ते कसे व किती दिवस घ्यायचे, कोणता त्रास होऊ शकतो, ते कोठे ठेवायचे, एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, या सर्व गोष्टी त्यात येतात.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही औषधनिर्माता हा केवळ कपाटातून डबी काढून देणारा विक्रेता नाही. एका बाजूला डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी व कंपनीचे इंग्रजी लेबल आणि दुसऱ्या बाजूला मराठी बोलणारा रुग्ण, यांच्यामध्ये तो दुभाष्या म्हणून उभा असतो. दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात, हे सांगणे नलगे.

चिठ्ठीवरील संक्षेप: इंग्रजी वाटते, असते लॅटिन

पहिल्या दिवशी नवख्या विद्यार्थ्याला गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे चिठ्ठीवरील संक्षेप. ओडी, बीडी, टीडीएस, क्यूआयडी, एचएस, एसओएस, एसी, पीसी, स्टॅट. शब्दकोशात शोधले तर यांपैकी बहुतेक सापडत नाहीत, आणि मुलाला वाटते की आपली इंग्रजीच कच्ची. वस्तुतः ही अक्षरे इंग्रजी नाहीतच. ती लॅटिन भाषेतून आली आहेत. सेमिनरीत ज्यांनी लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवले आहेत त्यांना ती सहज ओळखता येतात. आणि गंमत अशी की ज्यांनी शाळेत थोडेफार संस्कृत शिकले आहे त्यांनाही ती परकी वाटू नयेत.

'बीडी' म्हणजे 'बिस इन दिए', दिवसातून दोनदा. लॅटिन 'बिस' आणि संस्कृत 'द्विः' हे एकाच कुळातले शब्द आहेत. 'दिएस' म्हणजे दिवस. 'टीडीएस' म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', दिवसातून तीनदा घ्यावे. 'तेर' म्हणजे संस्कृतातील 'त्रिः'. 'क्यूआयडी'मधील 'क्वातेर' म्हणजे चार वेळा, आपल्या 'चतुः'चे भावंड. 'एचएस' म्हणजे 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी, आणि 'सोम्नुस' हा शब्द आपल्या 'स्वप्ना'चा नातलग. 'एसी' म्हणजे 'आंते चिबुम', जेवणापूर्वी. 'पीसी' म्हणजे 'पोस्त चिबुम', जेवणानंतर. 'एसओएस' म्हणजे 'सी ओपुस सित', गरज पडली तरच. 'स्टॅट' म्हणजे 'स्तातिम', ताबडतोब. चिठ्ठीच्या डोक्यावर जे 'आरएक्स'चे चिन्ह असते ते 'रेचिपे' या शब्दाचे, म्हणजे 'घ्या'.

ही यादी एका वहीच्या पानावर मावते. अर्थ समजून घेतला तर ती एका आठवड्यात पाठ होते. मात्र तिच्यातही सापळे आहेत. 'ओडी' याचा आपल्याकडील रूढ अर्थ दिवसातून एकदा असा आहे. पण नेत्ररोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीत तीच दोन अक्षरे 'ओक्युलुस देक्स्तेर', म्हणजे उजवा डोळा, या अर्थाने येऊ शकतात. अक्षरे तीच, अर्थ वेगळा. म्हणून संक्षेप वाचताना चिठ्ठी कोणाची आहे, औषध कोणते आहे, हेही वाचावे लागते. शंका आली तर अंदाज न बांधता डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारणे, यात कमीपणा नाही.

चिठ्ठ्यांच्या अक्षराबद्दल तर विनोदांचा सुकाळ आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे असे डॉक्टरांना सांगितले. संगणकावर छापलेल्या चिठ्ठ्याही आता वाढल्या आहेत. तरीही हाताने लिहिलेली चिठ्ठी येत राहते, आणि ती अंदाजाने वाचण्याचा मोह टाळणे हा या व्यवसायाचा पहिला संस्कार आहे.

औषधांची नावे: प्रत्यय ओळखावेत

दुसरी अडचण औषधांच्या नावांची. हजारो नावे पाठ कशी करायची, असा प्रश्न मुलांना पडतो. त्याचे उत्तर व्याकरणात आहे. मराठीत 'पणा', 'वाला', 'दार' असे प्रत्यय लागले की शब्दाचा प्रकार कळतो. औषधांच्या मूळ नावांचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून औषधांना आंतरराष्ट्रीय नावे देत आली आहे, आणि त्या नावांच्या शेवटी गटाची खूण ठेवलेली असते. 'ओलोल'ने संपणारी ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल ही एका गटाची. 'सार्टन'ने संपणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन ही रक्तदाबाची. 'स्टॅटिन'ने संपणारी ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची. 'ग्लिप्टिन' मधुमेहाची. 'सिलिन' आणि 'फ्लॉक्सासिन' जंतुसंसर्गाची. अशी वीस-पंचवीस शेपटे ओळखता आली की अपरिचित नावही निम्मे ओळखीचे होते.

पण शेपूट पूर्ण वाचले पाहिजे. ओमेप्रॅझोल, फ्लुकोनॅझोल, मेट्रोनिडॅझोल आणि अल्बेंडॅझोल ही चारही नावे 'झोल'ने संपतात. पहिले आम्लपित्ताचे, दुसरे बुरशीच्या संसर्गाचे, तिसरे आमांशासारख्या आजारांत दिले जाणारे, चौथे जंतांचे. 'झोल' एवढेच वाचणाऱ्याला ती भावंडे वाटतील. 'प्रॅझोल', 'कोनॅझोल', 'निडॅझोल' आणि 'बेंडॅझोल' असे वाचणाऱ्याला ती चार वेगळ्या घरची दिसतील.

नावांचा सारखेपणा हा जगभर चिंतेचा विषय आहे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गाचे मेट्रोनिडॅझोल, खाजेवर दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन आणि रक्तदाबाचे हायड्रालाझिन, मानसिक आजारावरील क्लोरप्रोमाझिन आणि मधुमेहावरील जुने क्लोरप्रोपामाइड, या जोड्या इंग्रजीत लिहून शेजारी ठेवल्या म्हणजे धोका लक्षात येतो. अमेरिकेत 'लोसेक' नावाचे आम्लपित्ताचे औषध 'लासिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी गल्लत होऊ लागल्यामुळे १९९० साली 'प्रायलोसेक' या नावाने विकले जाऊ लागले. एका अक्षराच्या सारखेपणासाठी कंपनीला नाव बदलावे लागते, यावरून स्पेलिंगचे महत्त्व ध्यानात यावे.

येथे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. इंग्रजी नावे देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय सोपी वाटते, आणि उच्चारासाठी ती उपयोगीही आहे. परंतु औषध ओळखायचे ते इंग्रजी स्पेलिंगवरून, कारण डबीवर स्पेलिंग असते. वहीत देवनागरी उच्चार लिहावा, पण त्याच्या शेजारी इंग्रजी नाव अक्षर न अक्षर उतरवावे.

व्यापारी नावांच्या मागे लागणारी अक्षरे हा आणखी एक विषय. मधुमेहाच्या गोळीच्या नावापुढे 'एम' असेल तर बहुधा त्यात मेटफॉर्मिन मिसळलेले असते. पण सर्दी-ॲलर्जीच्या गोळीपुढील 'एम' हा मॉन्टेल्युकास्टचा असू शकतो. 'एसआर', 'ईआर', 'एक्सआर' ही अक्षरे औषध शरीरात हळूहळू सुटते हे सांगतात. अशी गोळी साधारणतः चावून किंवा कुटून घ्यायची नसते. याउलट 'डीटी' म्हणजे पाण्यात विरघळवण्याची गोळी. आजीबाईंना गोळी गिळवत नाही म्हणून घरात कुटून देण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणून ही दोन-तीन अक्षरे वाचून घरच्यांना सावध करणे आवश्यक ठरते.

आकडे आणि टिंबे

भाषेच्या अभ्यासात आकड्यांचा अभ्यास येतो हे आपण विसरतो. दूरध्वनीवर डॉक्टर किंवा घाऊक व्यापारी 'फिफ्टीन' म्हणाले की 'फिफ्टी', हे गजबजलेल्या दुकानात नीट ऐकू येत नाही. पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. म्हणून आकडा परत म्हणून दाखवावा, तोही सुटा: 'वन-फाइव्ह' किंवा 'फाइव्ह-झिरो'. दशांश चिन्हाचेही तसेच. टिंबाआधी शून्य लिहिले नाही, तर '.५' चे '५' वाचले जाते. उगाच '५.०' लिहिले, तर त्याचे '५०' होते. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, मिलिग्रॅममध्ये नव्हे, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. इन्सुलिन आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते, आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. डबी बरोबर आणि सिरिंज चुकीची, असे झाले तर मात्रा चुकलीच.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पॅरासिटॅमॉलचे 'ड्रॉप्स' आणि 'सिरप' या दोन बाटल्या वेगळ्या असतात. आपल्याकडील ड्रॉप्समध्ये सामान्यतः एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि काहींत २५०. सिरपची सवय असलेल्या आईने ड्रॉप्सचा चमचाभर डोस दिला, तर तान्ह्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम औषध जाते. बाटलीवर 'पर एमएल' आहे की 'पर फाइव्ह एमएल', हे दोन-तीन शब्द वाचणे म्हणजेच औषधाच्या दुकानातील इंग्रजी होय.

लेबलाची भाषा

लेबलावरील इंग्रजी ठरावीक असते आणि तीच वाक्ये पुनःपुन्हा येतात. हा विद्यार्थ्यांच्या फायद्याचा भाग आहे. 'वापरण्यापूर्वी नीट हलवा', 'फक्त बाह्य वापरासाठी', 'थंड व कोरड्या जागी ठेवा', 'प्रकाशापासून जपा', 'गोठू देऊ नका', 'मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा' अशा अर्थाची तीस-चाळीस इंग्रजी वाक्ये एकदा समजली की बहुतेक लेबले वाचता येतात. त्यांत नकार कोठे आहे, हे पाहण्याची सवय लावावी. 'विथ फूड' आणि 'विदाउट फूड' यांत फरक तीन अक्षरांचा आहे, परिणाम मात्र उलटा.

काही शब्द तर ओळखीचे म्हणूनच फसवतात. मुलांच्या प्रतिजैविकाची कोरडी पूड बाटलीत येते आणि तीत 'अप टू द मार्क' पाणी घालण्याची सूचना असते. आपल्या बोलण्यात 'अप टू द मार्क' म्हणजे उत्तम, चोख. येथे त्याचा अर्थ साधा आहे: बाटलीवरील रेघेपर्यंत. पाणी उकळून गार केलेले हवे, आणि तयार झालेले औषध लेबलावर सांगितलेल्या दिवसांतच संपवायचे, पुष्कळदा सातच दिवसांत. पाणी कमी पडले तर औषध तीव्र होते, जास्त पडले तर पातळ. 'एक्स्पायरी'चा महिना लिहिलेला असतो तेव्हा त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरण्यायोग्य मानले जाते, हेही ग्राहकाला सांगता आले पाहिजे.

कायदेशीर इशाऱ्यांची भाषा याच वर्गात येते. 'शेड्यूल एच'मधील औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. 'शेड्यूल एच-१' १ मार्च २०१४ पासून अमलात आले. त्यातील औषधांच्या लेबलावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रचलित औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. मोबाइलवर तो उघडला की मूळ नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत ही माहिती दिसते. कोड आला म्हणून वाचणे सुटले नाही.

शेवटी यायचे ते मराठीतच

एवढी इंग्रजी शिकली की काम संपले काय? नाही. उलट खरे काम येथून सुरू होते.

अमेरिकेतील काही संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्याच ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना वाचायला दिल्या. त्यांत एक सूचना होती: दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. ज्यांचे वाचन कच्चे होते अशांपैकी ७१ टक्के लोकांनी ती सूचना बरोबर म्हणून दाखवली. परंतु "मग दिवसभरात किती गोळ्या घ्याल, ते मोजून दाखवा" असे सांगताच केवळ ३५ टक्के लोकांना चार गोळ्या मोजता आल्या. वाक्य पाठ होते, पण अर्थ हाती लागला नव्हता. स्वतःच्या मातृभाषेत ही गत, तर परक्या भाषेतील लेबलाची काय कथा!

यंत्रावर भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात स्पॅनिश भाषकांसाठी औषध दुकानांतून संगणकाद्वारे भाषांतरित लेबले दिली जात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या लेबलांपैकी निम्म्यांत चुका आढळल्या. इंग्रजी 'वन्स' हा शब्द, म्हणजे एकदा, काही वेळा तसाच राहून जाई, आणि तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये वाचली तर अर्थ होतो अकरा. मोबाइलवरील भाषांतरावर विसंबून औषध देणाऱ्यांनी व घेणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

आता कोल्हापुरात या. 'दिवसातून तीनदा जेवणानंतर' हे शुद्ध मराठी आहे, पण दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या शेतकऱ्याने तिसरी गोळी केव्हा घ्यावी? 'उपाशीपोटी' म्हटले की कोणाला उपवासाचा दिवस आठवतो. रात्रपाळीला जाणाऱ्या कामगाराची 'सकाळ' दुपारी उजाडते. 'जिभेखाली ठेवा' असे सांगितलेली हृदयविकाराची गोळी सवयीने पाण्याबरोबर गिळली जाते. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या आहेत. तेथे नुसते 'आठवड्यातून एकदा' म्हणून भागत नाही. "दर सोमवारी, फक्त सोमवारी" असे वार ठरवून, पाकिटावर लिहून द्यावे लागते.

जिल्हाही एकभाषी राहिलेला नाही. गडहिंग्लज, कागल, शिरोळ या भागांत कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि औद्योगिक वसाहतींत उत्तर भारतातून आलेले कामगार आहेत. त्यांना हिंदीत चार वाक्ये नीट सांगता येणे हाही सेवेचाच भाग आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर काढून देण्याची युक्ती काही दुकानदार वापरतात. ती स्तुत्य आहे. पण सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे रुग्णाकडून वदवून घेणे. "कळले ना?" असे विचारले की प्रत्येक जण मान डोलावतो. त्याऐवजी "काका, आता ही गोळी कशी घेणार, मला सांगा बघू," असे विचारावे. चूक असेल तर ती काउंटरवरच कळते, घरी नव्हे.

शिकावे कसे?

विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना आम्ही येथे देत आहोत.

१. एक वही फक्त या इंग्रजीसाठी ठेवावी. तिचे चार भाग करावेत: संक्षेप, नावांचे प्रत्यय, लेबलावरील वाक्ये आणि सारख्या दिसणाऱ्या नावांच्या जोड्या. रोज पाच नोंदी केल्या, तरी वर्षाकाठी दीड हजारांहून अधिक होतात.

२. घरातील औषधांच्या रिकाम्या डब्या व आतील माहितीपत्रके टाकून देऊ नयेत. तीच आपली पाठ्यपुस्तके. एक पत्रक घ्यावे, त्यातील मात्रा, इशारे व दुष्परिणाम हे तीन भाग वाचावेत आणि त्यांचे मराठी आईला समजेल अशा शब्दांत सांगून पाहावे. आईने प्रश्न विचारला आणि उत्तर देता आले नाही, तर पुन्हा वाचावे.

३. पदविकेच्या अभ्यासक्रमात किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. ते नुसते सही-शिक्क्यापुरते उरकण्याची प्रवृत्ती दिसते. ही विद्यार्थ्याने स्वतःचीच केलेली फसवणूक आहे. शंभर पुस्तकी पाने जे शिकवणार नाहीत ते खऱ्या चिठ्ठ्यांपुढील एक महिना शिकवतो.

४. उच्चारासाठी दोघांनी मिळून अभ्यास करावा. एकाने नाव व मात्रा मोठ्याने सांगावी, दुसऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवावी. वर्गात हसे होईल या भीतीने गप्प बसणाऱ्या मुलांना हा मार्ग सोयीचा आहे.

५. व्याकरणाची धास्ती घेऊ नये. औषधाच्या इंग्रजीत आज्ञार्थी वाक्ये अधिक असतात: घ्या, लावा, टाळा, थांबवा. क्रियापद, संख्या आणि नकार या तीन गोष्टी हेरल्या की वाक्य उलगडते.

बी. फार्मसीच्या पहिल्या सत्रात संवादकौशल्य हा स्वतंत्र विषय आहे. पदविकेनंतर नोंदणीपूर्वी 'एक्झिट' परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट २०२२ च्या विनियमांनी घातली आहे. म्हणजे घोकंपट्टीवर पार पडण्याचे दिवस सरत चालले आहेत. ज्यांना पुढे परदेशी जायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र पल्ला मोठा आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी 'आयएल्ट्स' अथवा 'ओईटी' ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. 'ओईटी'त औषधनिर्मात्यांसाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका असून तोंडी परीक्षेत रुग्णाशी संवाद करून दाखवावा लागतो. तेथेही अलंकारिक भाषेला गुण नाहीत. रुग्णाला समजले की नाही, हेच पाहिले जाते. काही औषधांची नावेही तिकडे बदलतात: अमेरिकेत पॅरासिटॅमॉलला ॲसिटामिनोफेन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात.

वडीलधाऱ्यांस विनंती

खेड्यातील मुलाने कोल्हापुरात येऊन शिकावे, ही या नगरीची जुनी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शिक्षणाच्या दारातून कोणी भाषेपायी परत फिरावे, हे या परंपरेला शोभणारे नाही. प्राध्यापकांनी वर्गात इंग्रजी संज्ञा सांगितल्यावर तिचे मराठी स्पष्टीकरण देण्यात कमीपणा मानू नये. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एखादा तास अशा मुलांसाठी द्यावा. दुकानमालकांनी प्रशिक्षणार्थी मुलांना केवळ खोकी उचलायला न लावता चिठ्ठी वाचायला द्यावी, आणि त्यांनी शंका विचारली तर रागावू नये. शंका विचारणारा मुलगा दुकानाची पत वाढवतो.

आणि आपण ग्राहकांनीही थोडा संयम दाखवावा. औषध देणारी मुलगी चिठ्ठी पुन्हा वाचते, डबीशी ताडून पाहते, डॉक्टरांना फोन लावते, तेव्हा आपल्याला घाई झालेली असते. "एवढा वेळ काय लावतेस?" असे आपण म्हणून जातो. ती दोन मिनिटे आपल्याच जीवासाठी खर्च होत असतात. तिला ती घेऊ द्यावीत. औषध हाती आल्यावर ते कसे घ्यायचे, हे तिच्याकडून मराठीत पुन्हा एकदा ऐकून घ्यावे, आणि मगच पिशवी उचलावी.